डाव्या मडगार्डवरचा पोचा

काल शेजाऱ्यांनी दाराला रंग दिला आणि थिनरच्या वासानं मला थेट पाटसच्या आमच्या ओट्यावर नेऊन बसवलं.

तेव्हा मी तेलाच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा कापून छोट्या गाड्या बनवायचो. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, त्यांची जीप विकली, त्या हिवाळ्यात मी तशीच वीतभर जीप केली. पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले, प्रत्येक हात वाळला की पॉलिश पेपरनं घासला.

आप्पांनी ती डोळ्यांजवळ नेली. "पोचा कुठं हाय?"

"मुद्दाम न्हाई केला, आप्पा. नवी दिसावी म्हणून."

त्यांनी डाव्या मडगार्डवर अंगठा ठेवून दाबला. पत्रा आत गेला, रंगाचा टवका उडाला. "आता आपली झाली," म्हणाले. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

आईला दौंडच्या दवाखान्यात नेताना खरी जीप उसाच्या बैलगाडीला धडकून डावं मडगार्ड चेपलं होतं. आई वाटेतच गेली. पोचा त्यांनी कधी काढून घेतला नाही. मला तो आळस वाटायचा.

आता आप्पाही नाहीत. काल कपाटातून जीप काढली. पोच्यात माझा अंगठा बरोबर बसला, आणि बराच वेळ मी तो उचललाच नाही.