आबांसाठी विणलेलं वेलकम

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी यांची बदली कर्जतला झाली. हे स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते. रेल्वेच्या चाळीत आम्हांला दोन खोल्या मिळाल्या. माझं माहेर खालापूरच्या बाजूला, म्हणजे आबांना, माझ्या वडिलांना, सकाळी निघून दुपारी पोचता येईल इतकं जवळ. मला त्याचा फार आनंद झाला होता. कुणाजवळ बोलून मात्र दाखवला नाही.

चाळीतल्या दारांवर मण्यांची तोरणं होती आणि त्यांत इंग्रजी अक्षरांत 'वेलकम' गुंफलेलं. मीही तसं तोरण करायला घेतलं. यांनी कागदावर अक्षरं काढून दिली, ती पाहून मी एकेक मणी ओवला. वेलकम म्हणजे काय, हे विचारायला मला चार दिवस धीर होईना. शेवटी जेवायला वाढताना विचारलं.

यांना शब्दांचं वेड. हात धुऊन जाडजूड इंग्रजी कोश काढून बसले. म्हणाले, "आपण 'या' म्हणतो, 'बरं झालं आलात' म्हणतो, तसा हा शब्द आता वापरतात. पण मुळात हा येणाऱ्याला म्हणायचा शब्द नव्हताच. जो यावा अशी आपल्या मनाची इच्छा आहे, त्या माणसाचंच ते नाव होतं. पहिला तुकडा इच्छेचा, दुसरा येण्याचा. पुढे लोकांना पहिला तुकडा 'बरं' असा वाटू लागला, म्हणून झालं 'बरे आलात'. अन् एखादी वस्तू खुशाल घ्या, असं सांगायलाही हाच शब्द."

मला तो मूळचा अर्थ फार आवडला. मणी ओवताना माझ्या डोळ्यांसमोर आबाच होते.

ते चैत्रात आले. उंबऱ्याबाहेर थांबून त्यांनी वर पाहिलं. "काय लिवलंय गं, बाय?"

मी पदर सावरत आत सरकले. यांनीच सगळा अर्थ सांगितला. आबा हसले. "म्हंजी आमी आलो त्ये हिला बरं वाटलं, असंच ना, जावईबापू? मग तोंडानं बोलायला काय झालं? लिवून कशापायी टांगायचं?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी पाय धुतले, पण प्याले नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. ती मला ठाऊक होती. पण मी एक मनाशी धरलं होतं. रीत घालून देणाऱ्या म्हाताऱ्यांच्या वेळी चहा नव्हता. तेव्हा चहा त्या रीतीत मोडणार नाही. म्हणून मी आलं घालून चहा केला होता.

"आबा, चहा चालंल की," मी कसंबसं म्हटलं.

"त्यात पाणी कुनाच्या घरचं, पोरी?" आबा म्हणाले. "तुजंच ना?"

शेजारीण दारातून पाहत होती. म्हणाली, "वेलकम लावलंन दारावर, अन् बाप घोटभर पानी घेईना! काढून ठेव गं ते तोरण."

आबांनी तिचं बोलणंही हसण्यावारी नेलं. मग स्टेशनच्या नळावर जाऊन पाणी प्याले आणि तिथल्याच बाकावर बसून घरून बांधून आणलेली भाकरी खाल्ली. मी खिडकीतून ते पाहिलं.

पुढची काही वर्षं ते असेच येत राहिले. ओट्यावर बसायचे, यांच्याशी पिकापाण्याचं बोलायचे आणि उन्हात स्टेशनाकडे चालू लागायचे. मूल कधी होणार, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. उठताना नुसतं म्हणायचे, "चल, बाय, पुढल्या खेपेला जेवूनच जाईन."

अखेर मुलगा झाला. बाळंतपण माहेरीच झालं. ज्येष्ठात मी बाळाला घेऊन कर्जतला परतले आणि लगेच आबांना निरोप पाठवला, आता जेवायला या. उलट निरोप आला, लावणी झाली की येतो. लावणी झाली. मग पाऊस ओसरेना. श्रावण सरता सरता कळलं, आबांचे पाय सुजलेत, त्यांना ओट्याखाली उतरवत नाही.

तेव्हा मीच स्वयंपाक केला. कोलमाचा भात, वालाचं बिरडं, गुळाच्या पोळ्या, असं सगळं पितळी डब्यात भरून बाळासह माहेरी गेले. आबा भिंतीला टेकून बसले होते. डबा उघडला तसे हसले. "बघ, आलो तुज्या घरी जेवायला!"

इथे नव्हे, तिथे माझ्या घरी या, पाय बरे झाले की या, मला फार वाटतं, असं मला म्हणायचं होतं. मी खाली मान घालून वाढत राहिले. ते पोटभर जेवले. मागून आणखी भात मागितला, तर डब्यातला संपला होता. वहिनीने चुलीवरच्या पातेल्यातून आणून वाढला, तो त्यांनी बिरड्याशी कालवून खाल्ला.

दिवाळी झाली आणि ते गेले. त्या दिवशी ते माझ्या घरी जेवत असते, तर भात संपल्यावर मी त्यांना घटकाभर थांबा म्हटलं असतं आणि दुसरं आधण ठेवलं असतं.