चंदरीआजीच्या वस्तीवरचं शिबिर

आमचं शिबिर दहा दिवसांचं, पण किस्से चाळीस वर्षं पुरलेत! कुणाच्या मुलीचं लग्न असो की कुणाची रिटायरमेंट, आमची एन.एस.एस.ची टोळी एका टेबलाभोवती जमली की जेवण राहतं बाजूला. दरवर्षी किस्से थोडे फुगतात, हेही कबूल करते. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलेले आहेत, त्यामुळे तिखटमीठ बेतानंच घातलंय.

नवा लातूर जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते. साहेब नवे, पाट्या नव्या, दुष्काळ तेवढा जुना. आमच्या बिराजदार सरांनी शिबिर ठरवलं ते थेट नांदेडच्या हद्दीला लागून असलेल्या एका पारधी वस्तीवर. विषय होता, ‘इंग्रजी राजवटीचा आदिवासींवर झालेला परिणाम’. सकाळी कुदळ, दुपारी वही! आम्ही वीस पोरंपोरी, एक टेम्पो आणि छापील प्रश्नांचा गठ्ठा.

*

पहिल्याच दुपारी सर चंदरीआजीसमोर बसले. वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, सगळे तिचं ऐकायचे.

“आजी, इंग्रजांनी तुमच्यावर काय अन्याय केला?”

आजीनं बराच विचार केला. “इंग्रज म्या बघितलाच न्हाई बाबा. हितं निजाम व्हता.”

सरांचा चेहरा पडला. विषयच गेला की! मग त्यांनी समजावून सांगितलं, की इंग्रजांनी कायदा करून कैक जमाती जन्मापासूनच चोर ठरवल्या आणि निजामानं तसाच कायदा इकडे लावला.

“असं व्हय!” आजी म्हणाली. “म्हंजी राजानं बी शेजारच्या पोराच्या वहीतनं उतरून घेतलं!”

*

श्रमदानाला आम्हाला वरून काम नेमून आलं होतं, शोषखड्डा. सांडपाणी मुरवायचं. दोन दिवस आम्ही मुरमात घाम गाळला, हाताला फोड आले. खड्डा झाल्यावर सरांनी आजीला कौतुकानं बोलावलं.

आजीनं आत डोकावून पाहिलं. “लई झ्याक झालंय. पन सांडायला पानी कुठाय?”

खरंच कुठं होतं पाणी? वस्तीतल्या बाया कोरड्या नदीत झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरत होत्या. एका घागरीला सकाळ जायची. गावात दोन बोअर झाले होते, पण वस्तीचा अर्ज तहसिलीतून दोनदा परत आला होता. रहिवासाचा पुरावा जोडा म्हणे! लातूरवाले म्हणत तुम्ही नांदेडचे, नांदेडवाले म्हणत लातूरचे, आणि गावचे पाटील लेखी देऊन मोकळे झाले होते, “हे भटके लोक, कालपरवा आलेत.”

मला त्या खड्ड्याची इतकी लाज वाटली, की मी दुपारी जेवले नाही. आजीनं मात्र संध्याकाळी त्यात शेळीची पिल्लं बांधली. “सावली चांगली हाय,” म्हणाली.

*

तिसऱ्या दिवशी सरांचं घड्याळ हरवलं. लग्नातलं, सासऱ्यानं दिलेलं! आम्ही जवळजवळ सगळे एकदम वस्तीकडे बघायला लागलो. मीसुद्धा. खोटं कशाला बोलू?

आमच्यातला वसंत गायकवाड तेवढा खाली बघत होता. तो शांतपणे म्हणाला, “सर, इंग्रजांचा परिणाम कुणावर झाला, याचा अभ्यास पूर्ण झाला. टेम्पो बोलवा!”

कुणाला हसू आलं नाही. आजीला सगळं समजलं होतं. ती उठली, सरांच्या चपला उलट्या करून तळ पाहिले आणि जमिनीकडे बघत चालायला लागली. आम्ही मागं. उताराला लागून बाभळीपाशी थांबली.

“हा चपलेचा मानूस हितं आला. टमरेल हितं ठिवलं. मंग पलीकडं बसला. त्याच्या फुडचं इचारू नका!”

घड्याळ बाभळीच्या फांदीला लटकत होतं. सरांनी सगळ्यांसमोर आजीच्या पायाला हात लावला. आम्हाला वाटलं आता ती काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, “खाली वाकताना घड्याळ सांभाळा.”

*

सर शिस्तीचे. रोज सकाळी शिट्टी मारायची, आम्ही रांगेत, हजेरी! चौथ्या दिवशी शिट्टी वाजली आणि आमच्या शेजारी वस्तीतली पाचसहा म्हातारी माणसं येऊन उकिडवी बसली. माना खाली. सरांना वाटलं, यांनाही शिबिरात यायचंय. खूश झाले!

“तसं न्हाई, सर,” आजी म्हणाली. “पयल्या दिसापासून शिट्टी आयकून राहिलो. आज ऱ्हावलं न्हाई. आमची बी हजेरी व्हायची. सकाळी एक, सांजंला एक, पाटलाच्या दारात. न्हाई आलं तर कोठडी. कायदा उठला, पन अंगातनं उठला न्हाई बगा.”

सरांनी शिट्टी खिशात घातली. त्यानंतर शिबिरात ती वाजली नाही.

आजी खोपटात गेली आणि कापडात गुंडाळलेली हजेरीची जुनी वही घेऊन आली. कायदा उठला त्या दिवशी जुन्या पाटलानं ती चुलीत घालायला दिली होती. हिनं घातली नव्हती.

“माझ्या मालकाचं नाव हाय हिच्यात,” ती म्हणाली. “दुसरीकडं कुठंच लिवलेलं न्हाई.”

सरांनी वही उघडली. सगळं उर्दू. कुणाला एक अक्षर लागेना. पण वसंत एकदम उठून उभा राहिला, “सर! रहिवासाचा पुरावा!”

*

तहसिलीत आम्ही विसाच्या वीस गेलो, आजी पुढं. तहसीलदारांनी पाटलांनाही बोलावून घेतलं होतं. पाटील खुर्चीत, पांढरी टोपी, “कालपरवा आलेत” एवढंच पुन्हा पुन्हा.

वही वाचायला रिटायरमेंटला आलेला शिपाई महेबूबचाचा पुढं आला. चष्मा लावला आणि एकेक पान वाचायला लागला. आजीच्या नवऱ्याचं नाव, तिच्या सासऱ्याचं नाव, तिचं नाव. “सुबह हाजिर, शाम हाजिर. सुबह हाजिर, शाम हाजिर.” पान उलटायचं, पुन्हा तेच. वर्ष उलटायचं, पुन्हा तेच! बाजूच्या टेबलांवरची कामं थांबली. आजी पदर तोंडाला लावून ऐकत होती.

“साब, हर पन्ने पे नीचे दस्तखत है,” चाचा म्हणाला, आणि त्यानं नाव वाचलं.

तहसीलदारांनी पाटलांकडे पाहिलं. “हे कोण?”

पाटील खिडकीबाहेर बघायला लागले. आजीच बोलली. “त्यांचा आजा, साहेब. इचारा त्यांना, आजा खोटं लिवायचा का?”

तहसीलदारांनी तिथल्या तिथं अर्जावर सही केली. मग काय, आम्ही टेबलं बडवली! पाटील टोपी सारखी करत उठले. “साहेब, बोअर कुठं घ्यायचा ती जागा मी दावतो.”

“जागा आमी दावू,” आजी म्हणाली. “तुमी फकस्त हाजिर ऱ्हावा. सकाळी एकदा, सांजंला एकदा.”