दुसऱ्यांचे नंबर घालणारा लोवेल

इंडियानातल्या आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये मला खेळ उपजत यायचा. सराव म्हटला की कपाळाला आठ्या. लोवेल यांत्झन उलटा. उंची बेताची, मेहनत राक्षसी. चार वर्षं सामन्यांत तो बाकावरच बसला. सरावात मात्र दर आठवड्याला पुढच्या सामन्यातल्या विरोधी संघाच्या हुकमी खेळाडूच्या नंबरची जर्सी घालून, त्याच्या लकबी घोटून माझ्यावर चालून यायचा.

"ऊठ रे लाडोबा!" मला पाडून वर हसायचा.

म्हणून सामन्यात तो खरा खेळाडू कुठे वळणार, हे मला आधीच ठाऊक असायचं. टाळ्या मला मिळायच्या.

शेवटच्या सरावाला लोवेल स्वतःचा नंबर घालून आला.

"आज कोण तू?"

"आज मीच. अडव बघू."

एकदाही अडवता आलं नाही. नशीब माझं, चार वर्षं तो माझ्या बाजूने होता.