बंद सत्रातला लाल दिवा

रेकॉर्डरचा लाल दिवा मला दिसला, तेव्हा सगळे जज जेवायला गेले होते. मी टेबलांवरचे हेडफोन गोळा करत होतो. लाल दिवा म्हणजे रेकॉर्डिंग चालू. आणि माझ्या खिशातल्या कार्यक्रमाच्या शीटवर सकाळच्या सत्रापुढे ठळक छापलं होतं: क्लोज्ड सेशन, नो रेकॉर्डिंग.

मी हेडफोन तिथंच ठेवले.

मी दोह्यात कॉन्फरन्सची साउंड सिस्टिम सांभाळतो. नववीत शाळा सुटली. कराडला एका मंडपवाल्याकडे स्पीकर बांधायचो, तिथून इथं लोडिंगच्या कामाला आलो. आमचे मॅनेजर थॉमससर. मी गुंता झालेल्या वायरी न चिडता सोडवतो, एवढं त्यांनी पाहिलं आणि मला ऑपरेटर केलं. टायफॉइड झाला तेव्हा स्वतःच्या गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. आज बिरकत अल अवामेरच्या कामगारांच्या कॅम्पमधून मी इस्त्रीचा शर्ट घालून निघतो, तो त्यांच्यामुळे. हे आधीच सांगतो, कारण त्या दिवशीची निम्मी भीती यातूनच आली.

काम तसं सोपं वाटतं. हॉलच्या मागं काचेची एक पेटी असते, तिला बूथ म्हणतात. आत इंटरप्रिटर बसतात. समोरचा त्याच्या भाषेत बोलतो, ते लगेच इंग्लिशमध्ये सांगतात, आणि ते लोकांच्या हेडफोनमध्ये जातं. आवाज नीट जातोय का, हे मी सतत ऐकत असतो. त्यामुळं नको ते पण कानावर पडतं.

पाहुणे युरोपातल्या एका छोट्या देशाचे होते. नाव सांगत नाही. जज, आणि त्यांच्या कायदा मंत्रालयाची माणसं. कार्यक्रमाची व्यवस्था सायलीताईंकडं होती. त्या पुण्याच्या, राहायला अल दुहैलला. पहिल्या दिवशी सकाळी मी विचारलं होतं, "ताई, एवढे जज इथं कशाला आलेत?"

"अरे, त्यांच्या देशाला युरोपच्या युनियनमध्ये जायचंय. युनियन म्हणते, आधी तुमची कोर्टं सुधारा. मंत्र्याचा फोन आला की निकाल फिरतो, असं असेल तर आत घेणार नाही."

"मग सुधारतायत का?"

"त्यावरच तर तीन दिवस बोलणार आहेत. तू माइक सांभाळ."

दुसऱ्या दिवशीचं हे बंद सत्र फक्त जजांचं होतं, त्यांचे आणि युनियनकडून सल्ल्याला आलेले. मंत्रालयाची माणसं बाहेर. मी लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग बंद केलं. पण आमच्याकडं एक छोटा बॅकअप रेकॉर्डर असतो. पहिला माइक चालू झाला की तो आपोआप सुरू होतो. तो कधी बंद करायचा नाही, ही सवय मला थॉमससरांनीच लावलेली. आणि ती सवय त्या दिवशी नडली.

सत्राच्या अध्यक्ष एक वयस्कर बाई होत्या, हायकोर्टाच्या जज. शेवटी त्या बोलल्या. निकालाच्या आदल्या दिवशी मंत्रालयातून कोण फोन करतो, काय बोलतो, कोणत्या केसमध्ये, सगळं सांगितलं. मी आवाजाचा काटा बघत होतो, पण हेडफोनमधलं इंग्लिश कानावर येतच होतं.

आणि हे सगळं आता रेकॉर्डरच्या मेमरी कार्डवर होतं.

मी कार्ड काढून मुठीत धरलं, तेवढ्यात मंत्रालयाचा सेक्रेटरी आला. गोड हसून इंग्लिशमध्ये म्हणाला, "माय फ्रेंड, इंटरप्रिटेशन बरोबर झालं का ते आम्हाला तपासायचंय. सकाळचं रेकॉर्डिंग द्या."

"सर, विचारून सांगतो."

"तुमच्या मॅनेजरशी मी बोलतो," म्हणाला आणि गेला. पाच मिनिटांत थॉमससरांचा फोन.

"दत्ता, दे दो ना भाई. बडा गेस्ट है. यल्ला, जल्दी खलास करो."

"सर, वो सेशन..."

"मैं एअरपोर्ट पे हूँ, दूसरा सेटअप आ रहा है. तू संभाल ले."

फोन कट. सरांनी शीट वाचलेली नव्हती. त्यांना माहीतच नव्हतं ते काय मागतायत.

मी बूथमागं उभा राहिलो. कार्ड पुसून टाकायचं आणि रेकॉर्डिंग झालंच नाही म्हणायचं, हे सगळ्यात सोपं. पण सरांनी विचारलं तर त्यांच्या तोंडावर खोटं बोलणं मला जमलं नसतं. देऊन टाकलं, तर त्या बाईंचं काय होईल? आणि नाही दिलं, तर माझी नोकरी, माझा व्हिसा?

शेवटी सायलीताईंना शोधलं. सगळं सांगितलं.

"दत्ता! काय केलंस हे!"

"ताई, चुकून झालं. घरची शपथ."

ताई जाऊन अध्यक्षबाईंना घेऊन आल्या. सत्र त्यांचंच, त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मला वाटलं, बाई ओरडतील. त्यांनी विचारलं, "कुणी ऐकलंय?"

"कार्ड कुणीच नाही मॅडम. सत्र चालू असताना मी ऐकलं."

"कॉपी?"

"नाही."

मी म्हणालो, लगेच पुसतो. त्या म्हणाल्या, "थांब. गुपचूप पुसलंस तर उद्या कुणीही म्हणेल, एक कॉपी आहे. मग मला आयुष्यभर तिला भीत बसावं लागेल. आधी काय झालं ते लिही. तुझ्या भाषेत."

नववीनंतर मी कधी पानभर लिहिलं नव्हतं. हॉटेलच्या पॅडवर मराठीत लिहिलं. काय चालू राहिलं, का राहिलं, कुणी मागितलं. तीनदा खोडलं. खाली सही केली. सायलीताईंनी शेजारी इंग्लिश केलं.

मग बाईंनी सेक्रेटरीलाच बोलावलं. त्याच्यासमोर ताईंनी तो कागद मोठ्यानं वाचला. "कुणी मागितलं" हे आलं तेव्हा त्याचं हसू गेलं. बाईंनी किचनमधून कात्री मागवली. मी माझ्याच हातानं कार्डाचे चार तुकडे केले.

सेक्रेटरी जाता जाता ताईंना म्हणाला, "हा ऑपरेटर उद्या हॉलमध्ये नको."

बाईंनी माझ्याकडं बघून फक्त मान हलवली.

थॉमससर संध्याकाळी आले. कागद दोनदा वाचून घेतला. "मेरा नाम क्यों नहीं लिखा? फोन तो मैंने भी किया था."

"सर, आपको पता नहीं था."

"पढना चाहिए था मुझे," एवढंच म्हणाले. तरी कंप्लेंट आली होती, तिचं काहीतरी करणं भाग होतं. दीड महिना मी गोडाउनमध्ये केबल गुंडाळल्या. रोज वाटायचं, आज परतीचं तिकीट हातात देतील. दिलं नाही. एका सकाळी त्यांनी नवी शीट दिली आणि म्हणाले, "चल, टाय लगा ले."

सायलीताई परवा भेटल्या. तो देश अजून रांगेतच आहे. बाई अजून कोर्टात बसतात.

बंद सत्र असलं की मी आता बटणावर विश्वास ठेवत नाही. कार्डच काढून शर्टाच्या खिशात ठेवतो, आणि सत्र सुरू करायच्या आधी रेकॉर्डरची रिकामी खाच अध्यक्षांना दाखवतो. काहीजण हसतात. हसू देत.