आबांबरोबर समुद्रकाठाने

माझे सासरे पारोळा तालुक्यात पोस्टमन होते. तीस-एक वर्षं त्यांनी सायकलवरून खेडोपाडी टपाल वाटलं. सासूबाई आधीच गेल्या होत्या. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे जळगावला राहायला आले तेव्हा एक पेटी, एक घोंगडी आणि ती काळी सायकल एवढंच सामान घेऊन आले. घरात आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. मी शाळेत ग्रंथपाल आहे, नवरा पाइपच्या कारखान्यात पाळ्यांवर जातो, मुलगी शिकायला पुण्याला गेलेली. म्हणजे दुपारनंतर घरात बहुतेक वेळ मी आणि आबा दोघंच असायचो.

बेचाळिसाव्या वर्षी माझी गर्भपिशवी काढावी लागली. ऑपरेशन नीट झालं, जखम भरली, रजा संपली आणि मी शाळेत जायलाही लागले. पण माझ्या आतलं काहीतरी उठेना. पुस्तकांवर शिक्के मारायचे, घरी यायचं, स्वयंपाक करायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. कुणी विचारलं तर मी थकवा आहे म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला सांगितलं होतं. मी चार दिवस चालले आणि सोडून दिलं.

एका पहाटे आबांनी दार वाजवलं. मैदानावर चल म्हणाले. बाहेर त्यांच्या सायकलीशेजारी एक लेडीज सायकल उभी होती, कुणाकडून तरी मागून आणलेली. लहानपणी धुळ्याला मी बारावीपर्यंत सायकलवर शाळा-कॉलेजला जात असे, हे मी कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं आणि त्यांच्या लक्षात राहिलं होतं. मी म्हटलं, आबा, लोक काय म्हणतील, सासरा-सून पहाटे सायकलवर! ते म्हणाले, “सांगसू, टपाल वाटाले जाई ऱ्हायनूत.”

बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं.

पहिल्या आठवड्यात मैदानाच्या चकरा झाल्या, मग शिवकॉलनीच्या पुढे, मग नशिराबादपर्यंत. हायवेवर मोठ्या ट्रकांचा वारा अंगावर आला की मी हँडल घट्ट धरायची; आबा उजव्या बाजूने, माझ्या आणि ट्रकांच्या मधून चालवायचे. नशिराबादला एका टपरीवर चहा घेऊन आम्ही परत फिरायचो. वाटेत फार बोलत नसू. ते कधी विचारत नव्हते की आता बरं वाटतं का, आणि त्याबद्दल मी मनातून त्यांची आभारी होते.

तिथेच आम्हाला सायकलवाल्यांचा एक गट भेटला. जळगाव आणि धुळ्याची मिळून नऊ-दहा मंडळी रविवारी लांबवर जायची. त्यांचे म्होरके धुळ्याचे, विजेच्या सामानाचं दुकान असलेले गृहस्थ. त्यांना सगळे भाऊ म्हणत. त्या हिवाळ्यात भाऊंनी ठरवलं की अलिबागपासून गणपतीपुळ्यापर्यंत किनाऱ्याने सायकलने जायचं, सात दिवस. ऐकताच आबा म्हणाले की आपण येणार. घरी येऊन त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं की अडुसष्ट वर्षं झाली, समुद्र काही पाहिला नाही. पण एकट्याने जायचं म्हणजे जरा भीती वाटते, हिला माझ्याबरोबर पाठव. नवरा लगेच हो म्हणाला. मी आठ दिवस टाळाटाळ केली. शेवटी म्हाताऱ्या माणसाची हौस कशाला मोडायची, असं म्हणून तयार झाले. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुऱ्या, ठेचा आणि केळीच्या वेफर्सची दोन मोठी पाकिटं बांधून घेतली. आबांची गुडघ्याची गोळी आठवणीने माझ्या पिशवीत ठेवली.

अलिबागला आम्ही दोघांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. भरती होती. आबा कितीतरी वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मग वाकून ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि थुंकून टाकलं. “इतलं पानी,” ते म्हणाले, “आनि पेवाले एक घोट नही.” आमच्याकडे मे महिन्यात टँकरची वाट बघत दारात उभं राहणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार.

पहिले दोन दिवस छान गेले. रेवदंडा, काशीद, मुरूड. सुरूच्या झाडांमधून रस्ता, एका बाजूला पाणी. आमच्याकडे रस्ते सरळ. मान वर केली की चार कोस पुढचं दिसतं. इथे प्रत्येक वळणावर चढ आणि चढ संपतो तोच उतार. आबांची सायकल बिनगिअरची, जड. गटातल्या लोकांनी त्यांना गिअरची सायकल देऊ केली होती, त्यांनी नको म्हटलं. चढ आला की ते खाली उतरून सायकल ढकलत चालायचे आणि मीही त्यांच्यासोबत उतरायची. मला चालवता आलं असतं की नाही, ते मी करूनच पाहिलं नाही. सगळ्यांना सांगायची, आबांसाठी थांबते.

तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वरच्या उतारावर त्यांचा गुडघा अडकला. ब्रेक दाबत उतरताना पाय टेकवला आणि तो तसाच राहिला. मी पोचले तेव्हा ते रस्त्याच्या कडेला बसून पाय चोळत होते, चेहरा पांढरा पडलेला. गावातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मोडलंबिडलं काही नाही, पण आता सायकल बंद. सामानाची पिकअप गाडी आमच्यामागून चालत होतीच. भाऊंनी त्यांना गाडीत पुढे बसवायचं ठरवलं. मला वाटलं होतं आबा हट्ट करतील. पण त्यांनी स्वतःच्या हाताने सायकल वर चढवून दिली आणि दोरीची गाठ दोनदा तपासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडायची होती. गाडी आणि सायकली सगळं एकाच बोटीवर. बोटीवर चढल्यावर मी माझी सायकलही पिकअपमध्ये टाकायला भाऊंना सांगितलं. म्हटलं, मी आबांबरोबर गाडीत बसते, त्यांना एकटं कसं सोडायचं. भाऊ बरं म्हणून निघाले, तेवढ्यात आबा लंगडत माझ्याजवळ आले. आम्ही बोटीच्या कठड्याला टेकून उभे राहिलो. खाडीचं पाणी हिरवट होतं, पलीकडे वेसवीचा धक्का जवळ येत होता.

ते म्हणाले, तू गाडीत बसायचं नाही. मी म्हटलं, मी तुमच्यासाठीच तर आले आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पाण्याकडेच पाहत राहिले.

“तू माले नही लई उनी, बेटा. मी तुले लई उनू.”

मी त्यांना नाही, त्यांनी मला आणलं? मला आधी कळलंच नाही. मग ते हळूहळू सांगू लागले. समुद्राची त्यांना एवढी काही हौस नव्हती. ऑपरेशननंतर मी भिंतीकडे तोंड करून पडायची ते त्यांना दारातून दिसायचं. बाईच्या या दुखण्यात सासऱ्याने काय बोलावं, ते त्यांना सुचत नव्हतं. त्यांची बायको, माझी सासू, असंच काहीसं होऊन गप्प झाली होती. तेव्हा ते रोज टपालाच्या फेरीवर जात राहिले, तिच्याजवळ बसले नाहीत. ती पुढे बरी झाली, पण ते वर्ष त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. “तव्हय माले समजनं नही,” एवढंच ते म्हणाले.

धक्का आला. माणसं गाड्या चालू करू लागली. मी डोळे पुसले आणि भाऊंना सांगून माझी सायकल खाली काढून घेतली.

वेसवीनंतर केळशीकडे जाताना मोठा चढ आहे. आबांची गाडी पुढे निघून गेली. गटातले लोकही पुढे गेले. कुणासाठी थांबायचं नव्हतं, तेव्हा मी चालवत राहिले. पहिल्या वळणावर श्वास पुरेना म्हणून उतरले, पाणी प्यायले. पुन्हा चढले. पोटात, जिथे टाके होते तिथे, जरा ओढल्यासारखं वाटलं, आणि मी घाबरून परत उतरले. हात लावून पाहिलं. काही नव्हतं. तिथे एकटी उभी राहून मी रडले, चांगली मोठ्याने, आणि रडून झाल्यावर पुन्हा सायकलवर बसले. त्यानंतर माथ्यापर्यंत उतरले नाही.

वर आबा एका दगडावर पाय पसरून बसले होते, हातात पाण्याची बाटली. त्यांनी विचारलं, कितीदा उतरली. मी सांगितलं, दोनदा. ते म्हणाले, “मी आठे बशी बशी घाबरी गयथू.” इथे नुसतं बसून भीती त्यांनाच वाटली होती. मग पिशवीतून कळण्याची पुरी काढून मला दिली. आम्ही दोघांनी तिथेच बसून खाल्लं. खाली आंब्याच्या बागांपलीकडे समुद्राची एक पट्टी दिसत होती.

पुढचे तीन दिवस तसेच गेले. प्रत्येक चढाच्या माथ्यावर आबा बसलेले असायचे. दाभोळला बोटीची वाट बघताना त्यांनी एका कोळिणीशी तासभर गप्पा मारल्या. तिची भाषा त्यांना कळत नव्हती आणि यांची तिला, पण दोघं खूष होते. गणपतीपुळ्याला आम्ही संध्याकाळी पोचलो. भाऊंनी सगळ्यांचा फोटो काढला, त्यात आबा माझ्या सायकलचं हँडल धरून उभे आहेत.

घरी आल्यावर मी नवऱ्याला बोटीवरचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला माहीत होतं, आबांनीच सांगू नको म्हटलं होतं.

आबांचा गुडघा आता बरा आहे, पण लांब जाता येत नाही. मी मात्र गटाबरोबर जाते. मागच्या महिन्यात पारोळ्यावरून धुळ्याला जाऊन दुसऱ्या दिवशी परत आले. दोन दिवसांच्या वाऱ्याने तोंड रापलं होतं. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला पाणी आणून दिलं आणि पारोळ्याजवळचा रस्ता आता कसा आहे, ते विचारलं. मी शेजारी बसून सांगू लागले.