ग्लिसरीनमधलं कुंकू

खंडेनवमीला आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लेथ, कॉम्प्युटर आणि संस्थेचे अध्यक्ष या तिघांना झेंडूचे हार पडतात. त्या वर्षी चौथा मानकरी आला. पुरुषभर उंचीची काचेची नळी. तिच्यात ग्लिसरीन भरायचं, वरून पोलादी गोळी सोडायची आणि दोन खुणांमधलं अंतर ती किती सेकंदांत कापते ते मोजायचं. द्रव गोळीला किती अडवतो ते त्यावरून काढतात. आमच्या लॅब असिस्टंटनं आठ दिवस खपून ती ओळंब्यात उभी केली होती. तो अकरा महिन्यांच्या करारावर होता, सहाव्यांदा. दिवाळीनंतर कायम करतो, असं त्याला सांगितलं होतं.

या नळीमुळे कोल्हापूर जगाच्या नकाशावर येईल, असं अध्यक्ष भाषणात म्हणाले. मग म्हणाले, "झाकण काढा. पहिली गोळी मी सोडतो."

"साहेब, आधी पूजा आवरू दे की. कुंकू आत जाईल," असिस्टंट म्हणाला.

"देवाचं कुंकू हाय ते. काय हुतंय?"

गोळी सुटली, टाळ्या झाल्या आणि अध्यक्षांनी मूठभर कुंकू नळीच्या तोंडावर उधळलं. बारीक कण सगळ्यात सावकाश खाली जातात, हे आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकवतो. आठवड्यानं तपासणी समिती आली, तेव्हा नवं ग्लिसरीन मागवण्याचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर होता आणि नळी इतकी लाल होती की आतली गोळी दिसेना. समितीनं 'उपकरण बंद' असा शेरा मारला.

चौकशी माझ्याकडे आली.

"सर, तुमी शेजारीच हुबा हुतासा. बघितलासा न्हवं?" असिस्टंटनं विचारलं.

"बघितलं."

"मग तेवढंच लिवा."

मी लिहिलं, 'झाकण उघडे ठेवण्यात आले.' मराठीत ही मोठी सोय आहे, कर्त्यावाचून वाक्य पुरं होतं. कर्ता कार्यालयानं भरला. दिवाळीनंतर त्याचा करार वाढवला नाही. अहवालाची प्रत वाचून तो एवढंच म्हणाला, "भाषा लई चांगली हाय सर तुमची."

पुढच्या वर्षी मुलांना घेऊन शिरोलीच्या एका फौंड्रीत गेलो. वाळू तपासायच्या खोलीत तोच होता. मुलांना त्यानं सगळं नीट दाखवलं, एकेकाच्या शंका ऐकून घेतल्या. भट्टीकडे निघताना माझ्याकडे वळला. सहा वर्षं रोज समोरासमोर चहा प्यायलेला माणूस.

"पावणं," तो म्हणाला, "हेल्मेट घाला."