हसूकाका आणि खाडीचा बांध

भरती लागली की हसूकाका भरल्या ताटावरून उठत आणि बांधावर चक्कर मारून येत. काकी आत चरफडायची. पेणच्या खारेपाटात आमचं गाव; खाडी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधावरच गावाचा जीव. बांध फुटला की घरटी एक माणूस हजर झालाच पाहिजे, आणि हजेरी घेणारे काका. हळद लागलेल्या नवरदेवालाही त्यांनी सोडलं नव्हतं. "खारं पानी तुझ्या लग्नासाठी थांबनार हाय काय?" म्हणत त्याच्या हातात फावडं दिलं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. माझे वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. मी रोह्याला कंपनीत लागलो तेव्हा गावभर पेढे वाटले.

यंदा पावसाळ्यात त्यांना साधा व्हायरल ताप आला. पाच दिवसांत उतरलाही. पण पुढे घराची पायरी चढताना दम लागू लागला, पाय सुजले. मी त्यांना रोह्याला आणलं. तापाच्या विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली होती, ठोके चुकत होते. "तीन महिने ओझं उचलायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. काका बाहेर येऊन हसले. "ताप गेला, आजार गेला. छातीत काय राहनार?"

"काका, जीव जाईल!" मी ओरडलोच.

काका दवाखान्याच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "बरं बाला. बांध फुटला तर आपल्या घराचा मानूस म्हनून तू जा." मी हो म्हटलं.

पुढच्या उधाणात बांध फुटला. पाणी कमी चढतं त्या अष्टमीला तो बुजवायचं ठरलं. माझी त्या दिवशी सकाळची शिफ्ट होती. सकाळीच काकीचा फोन आला, "बाला, तू येतोस ना रं? हे निघालेत."

"शिफ्ट सुटली की येतो. त्यांना अडव."

साहेबांनी सोडलं असतं. मी विचारलंच नाही. एक दिवस बांधावर आपल्या घरचं कुणी नसलं तर काय बिघडतं, असं वाटलं.

चार वाजता पोचलो. काका बांधावर आडवे होते, तोंडावर कुणाचा तरी टॉवेल. माणसांच्या रांगेत चिखलाची ढेप हातोहात पुढे देताना खाली बसले, ते उठलेच नाहीत. रांग मात्र चालू होती. भरती चढत होती, हात थांबले असते तर सगळ्यांची शेतं गेली असती. काकांच्या जागी मोकळी फट होती. मी चपला काढून तिथे उभा राहिलो आणि अंधार पडेपर्यंत ढेपा पुढे देत राहिलो.

बांध टिकला. काकीने मला अजून एका शब्दाने विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.